डॉक्टर, त्याला ऐकू येतंय का?

मेटॅलिका या अमेरिकी रॉक बँडचा पहिला म्युझिक व्हिडिओ जानेवारी १९८९ मध्ये एमटीव्हीवर दाखवला गेला. गाण्याचे नाव 'वन'. आपल्याकडे १९९१ नंतर केबलवर एमटीव्ही दिसू लागला आणि आज पन्नाशीत असलेल्या माझ्या पिढीतल्या अनेकांनी हे गाणे तेव्हा प्रथम पाहिले. 'पाहिले' हा शब्द मुद्दाम वापरतो आहे. ते कानांपेक्षा डोळ्यांतून जास्त आत जाते. बेंगळुरूला ऑक्टोबर २०११ मध्ये या बँडचा कार्यक्रम झाला, तेव्हा त्या वेळी जन्मलेलीही नसलेली मुले तिथे गाणे तोंडपाठ म्हणत होती.

हार्ड रॉकमध्ये 'पॉवर बॅलड' नावाचा एक प्रकार आहे. गाणे हळू, जवळजवळ कुजबुजल्यासारखे सुरू होते. एकटी गिटार, एकटा आवाज. मग ड्रम येतात, गिटारींचा आवाज चढतो आणि शेवटी सगळे एकदम फुटते. 'वन' त्याच वळणाने सुरू होते. फक्त शेवटी ते बॅलडची हद्द ओलांडून थेट मेटलमध्ये शिरते. साडेसात मिनिटांच्या या गाण्याच्या उत्तरार्धात ड्रम मशिनगनसारखे वाजतात, कारण गोष्ट एका सैनिकाची आहे.

व्हिडिओ कृष्णधवल आहे. एकीकडे गोदामात वाजवणारा बँड आणि दुसरीकडे 'जॉनी गॉट हिज गन' या १९७१ च्या चित्रपटातले तुकडे. डाल्टन ट्रम्बो यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्याच कादंबरीवर तो चित्रपट काढला होता. पहिल्या महायुद्धात ज्यो नावाचा तरुण सैनिक तोफगोळ्यात सापडतो. हात गेले, पाय गेले, डोळे, कान, जीभ, सगळा चेहरा गेला. मेंदू मात्र शाबूत आहे. तो विचार करतो, आठवणी काढतो, घाबरतो. पण डॉक्टरांनी ठरवले आहे की याला काही कळत नाही. काही कळत नाही, म्हणजे दुखतही नाही. म्हणून ठेवा जिवंत, अभ्यासाला उपयोगी पडेल.

ज्यो मान उचलून उशीवर आपटू लागतो. डॉक्टरांना वाटते, झटके आहेत. झोपेचे औषध दिले जाते. प्रत्यक्षात तो तारयंत्राच्या मोर्स लिपीत बोलत असतो: लहान ठोका, मोठा ठोका. 'वाचवा' असा संदेश.

कथा काल्पनिक आहे. पण तिच्या पोटातला प्रश्न उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या घरांमध्ये रोज विचारला जातो. सरकारी रुग्णालयात काम करताना तो मी शेकडो वेळा ऐकला आहे. लोकलच्या दारातून पडलेला मुलगा, कल्याण-बदलापूर रस्त्यावर दुचाकीवरून घसरलेला नवरा, पक्षाघाताचा मोठा झटका आलेली आई. कळवा, शीव किंवा परळच्या मोठ्या रुग्णालयात ऑपरेशन होते, जीव वाचतो आणि काही आठवड्यांनी पेशंट गळ्याला छिद्र, नाकात नळी आणि लघवीची पिशवी घेऊन घरी येतो. डोळे उघडे असतात, पण ओळख दिसत नाही. मग बायको किंवा आई दबक्या आवाजात विचारते, "डॉक्टर, त्याला ऐकू येतंय का हो?"

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात देता येत नाही. ते शोधावे लागते.

एक शब्द, पाच अवस्था

आपल्याकडे सगळ्यालाच 'कोमा' म्हणतात. खरे तर या वेगवेगळ्या अवस्था आहेत आणि त्यांचा गोंधळ महागात पडतो.

मेंदूमृत्यू म्हणजे मेंदूचे, मेंदूच्या देठासकट, सगळे काम कायमचे थांबणे. श्वास केवळ यंत्रावर चालतो. कायद्याने ठरवलेल्या तपासण्या करून हे जाहीर केले जाते. यातून कोणीही परत येत नाही.

कोमात पेशंटचे डोळे मिटलेले असतात, कशानेही जाग येत नाही. ही अवस्था सहसा काही आठवडेच टिकते. पेशंट जातो, सुधारतो किंवा पुढच्या अवस्थेत शिरतो.

त्या पुढच्या अवस्थेला 'व्हेजिटेटिव्ह स्टेट' म्हणतात. जेनेट आणि प्लम या डॉक्टरांनी १९७२ मध्ये हे नाव रूढ केले. डोळे उघडतात, मिटतात, झोप आणि जाग यांचे चक्र चालते, पेशंट जांभई देतो, कण्हतो. पण जाणिवेची खूण सापडत नाही. भाजीपाल्याची आठवण करून देणारे हे नाव अपमानास्पद वाटते, म्हणून अलीकडे 'जाग आहे, प्रतिसाद नाही' अशा अर्थाचे नाव वापरतात.

चौथी अवस्था किमान जाणिवेची. पेशंट कधी आईच्या आवाजाकडे डोळे वळवतो, कधी सांगितल्यावर बोट हलवतो. पण दर वेळी नाही. सकाळी केलेली गोष्ट संध्याकाळी करत नाही. त्यामुळे घरच्यांना दिसलेले डॉक्टरांच्या फेरीत दिसत नाही आणि 'तुम्हाला भास झाला असेल' असे म्हटले जाते.

पाचवी अवस्था 'लॉक्ड-इन', म्हणजे आतून कडी लागलेली. मेंदूच्या देठात 'पॉन्स' नावाचा भाग आहे. मेंदूकडून हातापायांकडे, चेहऱ्याकडे, जिभेकडे जाणाऱ्या आज्ञांच्या तारा त्याच्या पुढच्या भागातून जातात. तिथे रक्तपुरवठा बंद पडला तर माणूस मानेखालीच नव्हे, चेहऱ्यापासून खाली पूर्ण लुळा पडतो. विचार, स्मरण, ऐकणे, दुखणे मात्र जसेच्या तसे राहते. डोळे वर-खाली नेण्याचे केंद्र पॉन्सच्या वर असल्यामुळे ते बहुधा वाचते. म्हणून अशा पेशंटला डोळे वर-खाली करता येतात आणि पापणी मिटता येते. जगाशी बोलायला एवढी एकच खिडकी उरते.

फ्रान्समधले मासिकाचे संपादक झाँ-डॉमिनिक बॉबी यांना डिसेंबर १९९५ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, असा झटका आला. डाव्या डोळ्याची पापणी तेवढी उरली. फ्रेंचमध्ये जास्त लागणारी अक्षरे आधी, अशा क्रमाने सहायिका अक्षरे म्हणत जाई आणि हवे ते अक्षर आले की बॉबी पापणी मिटत. असे करत त्यांनी अख्खे पुस्तक सांगितले. ते मार्च १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि काही दिवसांतच ते गेले.

गाण्यातल्या ज्योची अवस्था वैद्यकीयदृष्ट्या लॉक्ड-इन नाही. त्याच्या तारा तुटलेल्या नाहीत, अवयवच उरलेले नाहीत. शिवाय आत येणारे रस्तेही बंद आहेत. उरला आहे फक्त स्पर्श. चित्रपटात एक नर्स त्याच्या छातीवर बोटाने एकेक अक्षर गिरवून नाताळच्या शुभेच्छा देते आणि त्याला ते कळते. ही कल्पना कवीची वाटते, पण दृष्टी आणि श्रवण दोन्ही नसलेल्या मुलांना स्पर्शातून भाषा शिकवण्याचे काम मुंबईत हेलन केलर इन्स्टिट्यूट अनेक वर्षे करते आहे.

हालचाल नाही म्हणजे मन नाही?

या प्रश्नाला विज्ञानाने गेल्या वीस वर्षांत धक्कादायक उत्तर दिले आहे. २००६ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन ओवेन यांनी रस्ता अपघातानंतर पाच महिने प्रतिसाद नसलेल्या २३ वर्षांच्या एका तरुणीला फंक्शनल एमआरआयच्या यंत्रात ठेवले आणि सांगितले, 'तू टेनिस खेळते आहेस अशी कल्पना कर.' तिच्या मेंदूतला हालचालींची आखणी करणारा भाग उजळला. 'आता आपल्या घरातून फिर' म्हटल्यावर जागा ओळखणारा भाग उजळला. निरोगी माणसाच्या मेंदूत दिसते तेच चित्र. बिछान्याशी उभ्या असलेल्या डॉक्टरला यातले काहीच दिसत नव्हते.

२०१० मध्ये ५४ पेशंटांवर असाच प्रयोग झाला. पाच जणांना मेंदू असा मुद्दाम चालवता आला. त्यांतल्या एकाने 'हो'साठी टेनिस आणि 'नाही'साठी घर अशी खूण ठरवून प्रश्नांची बरोबर उत्तरे दिली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, सांगितलेले काहीच न करणाऱ्या २४१ पेशंटांपैकी ६० जणांचा मेंदू आज्ञा पाळत असल्याचे एमआरआय किंवा ईईजीवर दिसले. म्हणजे चारांत एक.

ही यंत्रणा आपल्या भागातल्या रुग्णालयांत नाही आणि मोठ्या शहरांतही सहज मिळत नाही. पण हताश होण्याचे कारण नाही, कारण पुष्कळशी जाणीव यंत्राशिवायही सापडते. २००९ च्या एका अभ्यासात, नेहमीच्या तपासणीवरून 'व्हेजिटेटिव्ह' ठरवलेल्या ४४ पेशंटांना एका पद्धतशीर मोजपट्टीने पुन्हा तपासले, तेव्हा १८ जणांत जाणिवेच्या खुणा सापडल्या. मोजपट्टीला लागते काय? एक आरसा, काही रोजच्या वस्तू, आवाज आणि भरपूर वेळ.

आरशाचे महत्त्व मोठे आहे. डोळे एखाद्या वस्तूचा पाठलाग करतात का, हे पाहताना पेन किंवा बोट फिरवले तर जे पेशंट पाहत नाहीत, त्यांतले काही स्वतःचा चेहरा आरशात दिसला की तो कुठे जातो ते पाहतात. आपला चेहरा आणि आपले नाव या दोन गोष्टी माणसाचा मेंदू सगळ्यांत शेवटी सोडतो, असे म्हणायला हरकत नाही.

गाण्यातल्या डॉक्टरांची चूक इथे नेमकी कळते. त्यांनी हालचाल पाहिली, पण तिला एकच अर्थ दिला: झटका. बेशुद्धीची खोली मोजायला १९७४ पासून जगभर वापरला जाणारा ग्लासगो कोमा स्केल उपयोगी आहे. पण तो डोळे उघडणे, बोलणे आणि हातापायांची हालचाल एवढेच मोजतो. ज्याला बोलता आणि हलता येत नाही, त्याचे मन तो मोजू शकत नाही. पेशंट तळमळत असेल तर औषधाआधी एक प्रश्न विचारायला हवा: हा काही सांगू पाहतो आहे का? कफ अडकला आहे, लघवीची नळी तुंबली आहे, कूस बदलून हवी आहे, यांतले काही?

'मला मारून टाका'

चित्रपटाच्या शेवटी एका लष्करी माणसाला मोर्सचे ठोके कळतात. अधिकारी विचारतात, तुला काय हवे? इथे बहुतेकांच्या लक्षात राहते ती ज्योची मरणाची मागणी. पण ती त्याची पहिली मागणी नव्हे. आधी तो म्हणतो, मला बाहेर न्या, लोकांत ठेवा, युद्ध काय करते ते लोकांना बघू द्या. ती नाकारली जाते, तेव्हा तो मरण मागतो. तेही मिळत नाही. दार पुन्हा बंद होते आणि तो ठोके देत राहतो.

हा क्रम मला डॉक्टर म्हणून फार महत्त्वाचा वाटतो. निरोगी माणसाला वाटते, असे जगण्यापेक्षा मेलेले बरे. प्रत्यक्ष त्या अवस्थेतले लोक काय म्हणतात? २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत फ्रान्समधल्या लॉक्ड-इन पेशंटांच्या संघटनेच्या सभासदांना विचारले गेले. ६५ जणांपैकी ४७ जणांनी आपण सुखी असल्याचे सांगितले, १८ जणांनी दुःखी असल्याचे. इच्छामरण हवे म्हणणारे सुमारे सात टक्के होते. उत्तर देऊ शकणारेच या पाहणीत होते, त्यांना कुटुंबाची आणि संवादाच्या साधनांची सोबत होती, हे ध्यानात ठेवावे. पण नेमका मुद्दाही तोच आहे. कोणी ऐकणारे असेल तर माणसाचे उत्तर बदलते.

महाराष्ट्रात हा विषय निघाला की अरुणा शानबाग यांचे नाव येतेच. परळच्या केईएम रुग्णालयातल्या या तरुण नर्सवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातल्याच एका कर्मचाऱ्याने हल्ला केला. गळा आवळल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने मृत्यू येईपर्यंत, ४१ वर्षांहून अधिक काळ, त्या केईएममध्येच होत्या. त्यांचे अन्न थांबवून त्यांना जाऊ द्यावे, अशी याचिका लेखिका पिंकी विराणी यांनी केली होती. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांची रोज सेवा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असे न्यायालयाने मानले. मात्र काटेकोर अटींवर उपचार थांबवण्याची वाट त्याच निकालाने पहिल्यांदा मोकळी केली.

पुढे ९ मार्च २०१८ रोजी न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आज कोणीही सज्ञान, शुद्धीवरची व्यक्ती 'लिव्हिंग विल' म्हणजे आपल्या शेवटच्या उपचारांबद्दलचे इच्छापत्र करू शकते. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. उपचार थांबवायचे झाल्यास आधी रुग्णालयाच्या आणि मग दुसऱ्या स्वतंत्र वैद्यकीय मंडळाची संमती लागते. हे इच्छापत्र बोलता येत असतानाच करायचे असते. घरात एकदा शांतपणे हा विषय काढणे, ही आपल्या माणसांवर केलेली मोठी कृपा ठरते.

उपचार थांबवण्याचा निर्णय कधी कधी योग्य असतो, दयाळूही असतो. माझे म्हणणे इतकेच, की त्याआधी 'आत कोणी आहे का' हे नीट, पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या वेळी पाहिलेले असावे.

घरी काय करता येईल?

पेशंटला उशा लावून बसते करा. चष्मा असेल तर लावा, कानातले यंत्र असेल तर घाला, कानात मळ नाही ना हे तपासून घ्या. झोपेची औषधे चालू असतील तर ती कमी करता येतील का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतःहून बंद करू नका. टीव्ही बंद. दिवसाच्या ज्या वेळी तो जास्त जागा वाटतो ती वेळ निवडा.

समोर आरसा धरून हळू डावी-उजवीकडे, मग वर-खाली न्या. नाव घेऊन सांगा, 'वर बघ.' दहा सेकंद थांबा. दुखावलेला मेंदू हळू चालतो. खूण म्हणून पापणी मिटण्यापेक्षा वर बघणे चांगले, कारण पापणी सगळ्यांचीच आपोआप मिटते. 'हो' असेल तर वर बघ, 'नाही' असेल तर खाली बघ. मग उत्तर माहीत असलेले प्रश्न विचारा: आपण बदलापूरला राहतो का? आपण नाशिकला राहतो का? एका बरोबर उत्तराने हुरळून जाऊ नका. तारीख, वेळ, प्रश्न आणि उत्तर वहीत लिहा, शक्य तर मोबाइलवर चित्रण करा आणि डॉक्टरांना दाखवा. वही बोलते तेव्हा 'भास झाला असेल' म्हणणे अवघड जाते.

'हो-नाही' पक्के झाले तर अक्षरांकडे जा. आपली वर्णमाला यासाठी अतिशय सोयीची आहे. क, च, ट, त, प या पाच ओळी, प्रत्येकीत पाच अक्षरे; शिवाय स्वरांची एक आणि य-र-ल-व पासूनची एक. आधी ओळ विचारायची: क ची ओळ? च ची? मग त्या ओळीतले अक्षर. काना-मात्रा सुरुवातीला सोडून द्या. 'प' आणि 'ण' आले की पाणी हे घरच्यांना कळते. 'द' आणि 'ख' आले की कुठे दुखते ते विचारा. रोजच्या गरजांचा वेगळा तक्ता करून भिंतीवर लावा: पाणी, कफ, कूस, खाज, पंखा, लघवी.

तक्ता पेशंटच्या भाषेत हवा. उल्हासनगरमध्ये हे विशेष लक्षात ठेवावे लागते. फाळणीनंतर आलेल्या पिढीतले एखादे आजोबा सिंधी वाचतात ते अरबी वळणाच्या लिपीत. त्यांच्यापुढे देवनागरी धरून उपयोग नाही. ज्यांना वाचताच येत नाही, त्यांना चित्रे चालतात.

ओळखीचा आवाज ऐकवा: नातवाचा, जुन्या मित्राचा, त्याच्या आवडीच्या गाण्याचा. ते मेटॅलिकाचे असेल तरी हरकत नाही. पण आवाज बेताचा आणि थोडाच वेळ, मग शांतता. रेडिओ दिवसभर चालू ठेवणे म्हणजे उत्तेजन नव्हे, ती शिक्षा होते. आणि खाटेपाशी उभे राहून 'आता काही उठत नाही हा', दवाखान्याचे बिल, जागेची वाटणी हे विषय बोलू नका. डॉक्टर-नर्सनाही तसे बोलू देऊ नका. कूस बदलताना, नळी साफ करताना आधी सांगा, 'आता मी हे करतेय.'

यातून चमत्कार घडेल असे मी सांगत नाही. अनेक पेशंट कधीच प्रतिसाद देत नाहीत, कारण मेंदूची इजा तेवढी मोठी असते; त्यात घरच्यांच्या प्रयत्नांची काही कसूर नसते. महिनोन्‌महिने सेवा करणाऱ्या बाईला स्वतःची झोप, स्वतःचे जेवण आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी लागते, हेही नातेवाइकांनी लिहून ठेवावे.

पण तपासायला पैसे लागत नाहीत. आरसा प्रत्येक घरात असतो आणि वर्णमाला आपल्याला पाठ आहे. 'त्याला ऐकू येतंय का?' या प्रश्नाला माझे उत्तर ठरलेले आहे: नाही हे सिद्ध होईपर्यंत, येतंय असे धरून चाला.